पॉइंट कुठे लावायचे

रविवार, रात्री उशिरा

एमबीएच्या इलेक्टिव्हचं बिडिंग, म्हणजे ऐच्छिक विषयांतल्या जागांसाठी पॉइंटची बोली, उद्या दुपारी बंद होतंय आणि माझं अजून मेजरच, म्हणजे मुख्य विषयच, ठरत नव्हतं. फायनान्स टाकलं, पुसलं, ऑपरेशन्स टाकलं, तेही पुसलं. शेवटी जेवण झाल्यावर फायनान्स टाकून मोकळी झाले. मेजरची ती एक ओळ पहिल्या नोकरीपुरती वाचली जाते, पुढे जो तो काम काय केलंस तेच विचारतो. शिवाय कोअर विषयांत मी खरी रमले ती फायनान्समध्येच. उदाहरणार्थ, दरवर्षी 20 टक्के चढउतार असलेले दोन शेअर घ्यायचे, पैसे निम्मे-निम्मे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसेल, तर एकत्रित चढउतार 14 टक्क्यांच्या आसपास येतो. हॅरी मार्कोविट्झ या अर्थतज्ज्ञाने हे 1952 मध्ये मांडलं. आकडेमोड स्वतः करून पाहिली तेव्हा कुठे ते डोक्यात बसलं.

खरी डोकेदुखी इलेक्टिव्हची. सगळ्यांकडे पॉइंट सारखेच, त्यामुळे कुठला विषय आवडतो याच्याइतकाच बाकीचे कुठे किती लावतील याचा अंदाज बांधावा लागतो. जास्त लावले तर वाया, कमी लावले तर जागा गेली. अमेरिकेतल्या व्हार्टन बिझनेस स्कूलमध्येही पूर्वी असाच लिलाव चालायचा. 2013 मध्ये त्यांनी तो बंद केला. आता विद्यार्थ्याने कुठला विषय किती हवा ते सांगायचं, वाटणी संगणक करतो. इतरांवर कुरघोडी करण्यात डोकं घालवायला नको. आमच्याकडे अजून तो शहाणपणा आलेला नाही.

सिनियर सांगतात, प्रोफेसर बघून घे, विषय बघून नको. अर्धं पटतं. मी मात्र वेगळी चाळणी लावली: जे एकटीने बसून शिकता येईल त्यावर पॉइंट उधळायचे नाहीत. एक्सेलमधलं मॉडेलिंग सरावाने येतं. शेअर ठरल्या भावाने घ्यायच्या-विकायच्या हक्काची किंमत काढणारं ब्लॅक-शोल्सचं सूत्र पुस्तकातूनही समजतं, दोनदा वाचावं लागेल इतकंच. वाटाघाटींचा विषय मात्र समोर माणूस असल्याशिवाय शिकताच येत नाही. तिथे एकाच व्यवहाराचे दोन कागद वाटतात, एक विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा. कितीच्या वर जायचं नाही हे माझ्या कागदावर असतं, कितीच्या खाली यायचं नाही हे त्याच्या. पहिला आकडा मी बोलायचा की त्याला बोलू द्यायचा, तिथेच अर्धी लढाई. नंतर दोन्ही कागद उघडतात आणि आपण टेबलावर किती सोडून आलो ते सगळ्या वर्गाला दिसतं. ही फजिती विकत घ्यायला मी निम्मे पॉइंट लावतेय.

उरलेल्यांतले बरेचसे डेरिव्हेटिव्हजला, म्हणजे ब्लॅक-शोल्स ज्यात येतं त्या विषयाला. पुस्तकातून येतं म्हटलं खरं, पण मुलाखतीला त्यावर विचारतात आणि परीक्षा मानगुटीवर असल्याशिवाय मी ते दुसऱ्यांदा वाचणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. व्हॅल्युएशनच्या, म्हणजे कंपनीची किंमत काढायच्या विषयाच्या, दोन तुकड्या आहेत, तिथे नाममात्र लावले तरी जागा मिळेल.

मार्केटिंग रिसर्चचा मोह अजून सुटत नाहीये. ग्राहक किमतीला किती मोजतो आणि ब्रँडला किती, हे थेट न विचारता काढून घेणारं कॉन्जॉइंट ॲनालिसिस शिकायचं आहे. पण तास सकाळी आठचा. सकाळी उठून बघू.