बाहेर बर्फ, आत मिरचीचं बी

आज मिरची आणि वांग्याचं बी ट्रेमध्ये पेरलं. बाहेर बर्फ साचलेला असला तरी हिशोब उलटा करायचा असतो: तुमच्या भागात दंव गोठण्याची शेवटची रात्र साधारण कधी असते, तिथून मागे मोजा. मिरची-वांगी 8 ते 10 आठवडे आधी, टोमॅटो 6 ते 8, काकडी जेमतेम 3 ते 4. काकडीची घाई नकोच, रोप बाहेर लावताना मुळं दुखावली की तिची वाढ खुंटते.

बागेतली माती ट्रेमध्ये घालू नका. ती घट्ट बसते आणि सोबत बुरशी आणते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) आणि थोडं चाळलेलं गांडूळखत पुरे. बी अर्धा सेंटिमीटर खोल. मिरचीला हवेपेक्षा मातीची ऊब महत्त्वाची, 25 ते 30 अंश. ट्रेखाली हीट मॅट (विजेवर गरम होणारी चटई) नसेल तर उगवायला तीन-तीन आठवडे वाट पाहावी लागते.

खरी गडबड उगवल्यानंतर होते. खिडकीतला हिवाळी उजेड अपुरा पडतो आणि रोपं लांबुडकी, लुळी होतात. साधी एलईडी नळी शेंड्यांपासून 5-10 सेंटिमीटरवर, रोज 14 ते 16 तास. रात्री बंद. (दिव्याला टायमर लावा, आठवणीवर विसंबू नका.) कोंब दिसताच ट्रेवरचं झाकण काढा, पाणी ट्रेच्या तळातून द्या आणि अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाका. माती सतत ओली राहिली की रोप बुडख्याशी कुजून आडवं पडतं. मग ते वाचत नाही.