ऊब जाते कुठं?

जानेवारीत नाशिकमध्ये पहाटे उठलं की पहिला निर्णय पायांना घ्यावा लागतो: सतरंजीवर टेकायचं की फरशीवर? फरशीवर पाय पडला तर झोप कुठल्या कुठं पळते. सतरंजी बिचारी मऊ, उबदार. खरं तर रात्रभर एकाच खोलीत पडून दोघींचं तापमान जवळपास सारखंच झालेलं असतं. फरशी पायातली उष्णता भराभर ओढून घेते, सतरंजीच्या धाग्यांत अडकलेली हवा तिला सहजी जाऊ देत नाही, एवढाच फरक. आपली कातडी तापमानापेक्षा उष्णता किती वेगानं चाललीय हेच जास्त ओळखते. फरशी उगाच बदनाम.

उष्णता आपणहून जाते ती नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे. तरी ‘दार लाव गं, थंडी आत येतेय’ हे वाक्य आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. दारातून गार हवा येते हे खरंच. पण भिंतींतून, काचांतून आपलीच ऊब बाहेर चाललीय हे आजीला कोण सांगणार? आणि सांगितलं तरी उठून दार लावणं काही टळत नाही.

भांडी बाजारातून जाताना तांब्याची भांडी दिसली की मला बंब आठवतो. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. आगीची धग वाया जायला फारसा वावच नाही. त्यात तांबं उष्णता वाहून नेण्यात स्टेनलेस स्टीलच्या साधारण २५ पट सरस. उष्णता कशी वाहते याचं गणित फूरिए या फ्रेंच गणितज्ञानं १८२२ मध्ये ग्रंथरूपानं मांडलं. आमच्या तांबटांचं त्यावाचून काही अडलं नाही.

पण या विषयातले खरे जाणकार निफाडकडे भेटतात. निरभ्र रात्री द्राक्षवेलीची पानं आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत राहतात. वारा पडलेला असेल तर पहाटेपर्यंत ती भोवतालच्या हवेहूनही गार होतात, दव त्यांच्यावर जमतं ते त्यामुळेच. मग बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, धूर करतात, ठिबक चालू करतात. विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं, कारण खोल जमिनीला वरचा गारठा फार उशिरा कळतो. शिवाय पाण्याच्या पोटात उष्णता मावतेही भरपूर. एक किलो पाणी १ अंशानं निवताना जेवढी देतं, तेवढी द्यायला किलोभर लोखंडाला साधारण ९ अंश निवावं लागतं. मण्यांची फुगवण थांबू नये, तयार मण्यांना तडे जाऊ नयेत, यासाठी हा सगळा खटाटोप.

आभाळ आलं की ढग उष्णता पुन्हा खाली धाडतात आणि पहाटेचा पारा चढतो. त्यावर खूश झालेला बागायतदार मात्र माझ्या पाहण्यात नाही. ढगाळ हवेत भुरी आणि डाऊनी हे द्राक्षांवरचे बुरशीसारखे रोग बोकाळतात. शेकोटीची लाकडं वाचली, की फवारणीच्या औषधांची उधारी सुरू.