व्हिसाच्या खिडकीपाशी आत्या एकटीच

अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा काढायचा तर तिकडून निमंत्रणपत्र यावं लागतं, अशी आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांची पक्की समजूत आहे. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं असं की निमंत्रणपत्राला भाच्याची पगारपत्रकं आणि बँकेचं स्टेटमेंट जोडलं की काम फत्ते. आत्याने माझ्याकडे अमेरिकेत यायचं ठरवलं तेव्हा दोन्ही गटांचे फोन आले. एका काकांनी तर माझ्या घराच्या कर्जाचे कागदसुद्धा नोटरी करून पाठवायला सांगितले. कर्जाचे कागद बघून कोणाचा विश्वास वाढेल हे मला अजून कळलेलं नाही.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या संकेतस्थळावर स्वच्छ लिहून ठेवलंय की व्हिजिटर व्हिसासाठी निमंत्रणपत्र किंवा खर्चाच्या हमीचं प्रतिज्ञापत्र लागत नाही. अर्जदाराची पाळंमुळं त्याच्या स्वतःच्या देशात किती घट्ट आहेत ते पाहिलं जातं. इथल्या नातेवाइकांनी दिलेल्या हमीवर निर्णय होत नाही. यामागे १९५२च्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टचं कलम २१४(बी) आहे. आलेला माणूस कायमचा राहायलाच निघालाय असं अधिकाऱ्याने आधी गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे त्या माणसाने पटवून द्यायचं, असा तो कायदा. तो पटवून देणारा माणूस म्हणजे आत्या. मी नव्हे.

त्यामुळे इकडे बसलेल्या भाच्याचं काम फार मर्यादित आहे. आत्याचं आयुष्य आहे तसं फॉर्ममध्ये उतरवायचं आणि मग बाजूला व्हायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्या माणसांच्या आयुष्यातले तपशील आपल्याला किती कमी ठाऊक असतात ते डीएस-१६० उघडल्यावर कळतं.

डीएस-१६० म्हणजे ऑनलाइन अर्ज. सुरुवातीलाच एक ॲप्लिकेशन आयडी मिळतो, तो ताबडतोब लिहून घ्यावा. वीस मिनिटं काही हालचाल झाली नाही की साइट बाहेर काढते, आणि सेव्ह केलेलं नसेल तर पुन्हा पहिल्यापासून. आत्याशी बोलताना वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही. "वडिलांचं पूर्ण नाव सांग," म्हटलं की आधी वडिलांची बदली कुठून कुठे झाली ते येतं, मग त्या गावच्या विहिरीची गोष्ट. मी आपला दर थोड्या वेळाने सेव्ह दाबत होतो.

पहिली अडचण नावाची. आधी दुसरी नावं होती का, असा प्रश्न असतो. आत्याच्या पिढीतल्या बायकांचं लग्नात आडनाव तर बदललंच, पण पुष्कळ जणींचं पहिलं नावही बदललं. माहेरची कुसुम सासरी सुनंदा झाली आणि वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव आलं. म्हणजे तीनपैकी एकही शब्द जुना राहिला नाही. आत्याचं म्हणणं, "ते कशाला उकरून काढायचं? पन्नास वर्षांत त्या नावाने कोणी हाक मारली नाही." पण तिचा शाळेचा दाखला आणि डी.एड.चं प्रमाणपत्र त्याच नावाचं आहे. प्रश्न विचारलाय तर उत्तर 'हो', आणि पुढे माहेरचं पूर्ण नाव. यात लपवण्यासारखं काही नाही. उलट 'नाही' लिहिलं तर उगाच शंकेला जागा.

दुसरी अडचण जन्मतारखेची. पासपोर्टवर १ जून. आत्याच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनच असणार, कारण नाव घालताना वय बसेल अशी तारीख गुरुजीच ठोकून देत. आत्याची खरी तारीख तिच्या आईच्या हिशेबाने नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. फॉर्मवर अर्थातच पासपोर्टची तारीख जाते. मात्र आत्याला हे बजावून ठेवावं लागलं, कारण ती शिक्षिका. तोंडी परीक्षेत कोणी जन्मतारीख विचारली तर खरी सांगून वर गुरुजींची चूक समजावून द्यायची तिची तयारी होती. आईवडिलांच्या जन्मतारखा तर कोणालाच माहीत नव्हत्या. तिथे 'माहीत नाही' असा पर्याय आहे, तो निवडावा. अंदाजपंचे आकडे भरू नयेत.

मग येतो 'तुम्ही एखाद्या कुळाचे किंवा टोळीचे आहात का?' हा प्रश्न. आत्याने लगेच गोत्र सांगितलं, पाठोपाठ देवक आणि कुलदैवतही. हा प्रश्न त्यासाठी नाही, आम्ही 'नाही' लिहिलं. गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खातीही विचारतात. नातीने काढून दिलेलं फेसबुक होतं, ते लिहिलं. आणि सुरक्षेचे प्रश्न: तुम्ही कधी नरसंहारात भाग घेतलाय का, दहशतवादी संघटनेचे सभासद आहात का, वेश्याव्यवसायासाठी येताय का. हे सगळं आत्याला मराठीत वाचून दाखवण्याची वेळ भाच्यावर येऊ नये, पण येते. आत्या शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आणि यांना कोणी 'हो' म्हणतं का रे?"

या सगळ्या गमतीजमतीत एक प्रश्न मात्र अजिबात गमतीचा नाही, आणि तिथेच बहुतेक घरांत घोटाळा होतो. तुमच्या नावाने कोणी कधी इमिग्रंट पिटिशन, म्हणजे ग्रीन कार्डासाठीचा अर्ज, दाखल केलाय का? आत्या म्हणाली, छे. मी इथल्या मोठ्या काकांना फोन लावला. काकांनी नागरिकत्व मिळाल्यावर २००९ साली सगळ्या भावंडांसाठी अर्ज टाकून ठेवला होता. त्या वेळी आत्याने दोन-चार कागदांच्या झेरॉक्स पाठवल्या आणि पुढे ती विसरूनही गेली. विसरणार नाही तर काय; भारतातल्या भावंडांची रांग अजून २००६च्या अर्जांच्या आसपास रेंगाळतेय.

आता घरात दोन मतं. दादा, म्हणजे माझा आतेभाऊ, म्हणाला, "कशाला सांगायचं? म्हातारी कायमची राहायला येतेय असंच त्यांना वाटेल." भीती अगदीच खोटी नाही. असा अर्ज असला की अधिकारी चौकशी करू शकतो. पण अर्ज आहे म्हणून व्हिजिटर व्हिसा आपोआप नाकारला जात नाही, आणि तो अर्ज त्यांच्याच सरकारच्या दप्तरात पडलेला आहे. उलट जाणूनबुजून खोटं बोलून व्हिसा मिळवायला गेलं आणि ते सिद्ध झालं, तर त्याच कायद्यातल्या २१२ कलमाखाली अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं. आम्ही 'हो' लिहिलं. आपल्या घरातलं कोणी पूर्वी अमेरिकेत स्थायिक झालं असेल तर फॉर्म उघडण्याआधी एक फोन त्यांना करा, एवढंच माझं सांगणं.

फॉर्मच्या शेवटी विचारतात, अर्ज भरायला कोणी मदत केली का? केली, तर त्या माणसाचं नाव लिहायचं. मी माझं लिहिलं. पण सही आणि सबमिट हे बटण अर्जदारानेच दाबायचं असतं. भाच्याने किंवा एजंटाने नाही. त्यासाठी नातीने तिकडे लॅपटॉप उघडला आणि आत्याने चष्मा पुसून, सगळं पुन्हा एकदा माझ्याकडून मराठीत वाचून घेऊन, मग बटण दाबलं. या वाचून घेण्यातच ती खरी तयार झाली. फॉर्ममध्ये काय लिहिलंय तेच ठाऊक नसलेले कितीतरी ज्येष्ठ खिडकीपाशी उभे राहतात, कारण एजंटाने परस्पर भरलेलं असतं.

बाकीचं थोडक्यात. फी १८५ डॉलर, व्हिसा मिळो न मिळो, परत मिळत नाही. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्म्याशिवाय, सहा महिन्यांच्या आतला. अपॉइंटमेंट दोन: आधी व्हिसा ॲप्लिकेशन सेंटरला बोटांचे ठसे, मग वकिलातीत मुलाखत. डीएस-१६०च्या कन्फर्मेशन पेजवरचा नंबर अपॉइंटमेंटमध्ये टाकलेल्या नंबराशी जुळतोय ना ते बघावं. २०२२ साली कोविडनंतर मुंबईत या मुलाखतीसाठी दोन वर्षांहून जास्त थांबावं लागत होतं, ती परिस्थिती आता नाही. पण तारखा मागेपुढे होत राहतात, म्हणून तिकीट आधी काढू नये. आणखी एक: पूर्वी ७९ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मुलाखतीतून सूट मिळायची. २ सप्टेंबर २०२५पासून ती सवलत सर्वसाधारणपणे बंद झाली आहे. "आजींना काय, मुलाखतच नाही," असं सांगणारे जुन्या माहितीवर बोलताहेत.

मुलाखतीच्या तयारीबद्दल माझं मत कडक आहे: उत्तरं पाठ करून घेऊ नयेत. दादाने कुठून तरी पन्नास प्रश्नोत्तरांची पीडीएफ आणली होती आणि आत्या ती इमानेइतबारे घोकत होती, इंग्रजीत. मुंबईच्या वकिलातीत मराठीत बोलता येतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ते कळल्यावर तिने पीडीएफ नातीच्या दप्तरात टाकून दिली. मी एकाच गोष्टीवर बोललो. 'सूनबाईच्या बाळंतपणाला जातेय' असं आपण घरात सहज म्हणतो. खिडकीपलीकडच्या माणसाला त्यात कामाला येणारी बाई दिसू शकते. बाळ तर तेव्हा चार महिन्यांचं झालेलं असणार होतं. ती येत होती बाळाला बघायला, भावाला भेटायला आणि जमलं तर नायगारा बघायला. आहे तेच सांग, म्हटलं.

वकिलात बांद्रा-कुर्ला संकुलात आहे. २०११पर्यंत ती ब्रीच कँडीला होती, आणि आमच्या घरातले बुजुर्ग अजूनही तिकडचाच रस्ता सांगतात. मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे दादा फोन घेऊन बाहेर आणि आत्या आत. मोजून दोन-तीन मिनिटांचं काम, तेही उभ्याने, काचेच्या खिडकीपाशी. तिने संध्याकाळी फोनवर सगळं सांगितलं ते असं.

कशाला चाललात? भाच्याकडे, त्याला मुलगी झालीय. तो काय करतो? कॉम्प्युटरचं काहीतरी, कंपनीचं नाव फॉर्ममध्ये आहे. तुम्ही काय करायचात? जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होते, आता पेन्शन आहे. घरी कोण? मुलगा, सून, नात. नात यंदा दहावीला. किती दिवस राहणार? तीन महिने, गणपतीच्या आत परत, कारण गौरी माझ्याकडे असतात. ते दुभाष्याने कसं सांगितलं कोण जाणे, पण अधिकारी हसला म्हणे. मग त्याने विचारलंच: तुमच्या भावाने तुमच्यासाठी अर्ज केलाय ना? आत्या म्हणाली, "केलाय. पण तो नंबर लागेपर्यंत मी असेन की नाही सांगता येत नाही. आणि असले तरी घर सोडून तिकडं राहायला मला नाही जमायचं."

व्हिसा मंजूर झाला. पेन्शनचं पुस्तक, सातबारा, मालमत्ता कराच्या पावत्या आणि माझी नोटरी केलेली सगळी भेंडोळी असलेली फाइल कोणी उघडूनही पाहिली नाही. कागद बरोबर असावेत, मागितले तर दाखवता येतात; पण ते आपल्याच समाधानासाठी नेतोय हे ठाऊक असावं.

तिच्या पुढच्या जोडप्याला मात्र नकार मिळाला. कारण म्हणून २१४(बी)चा छापील कागद हातात देतात, त्यात तुमच्याबद्दल वेगळं असं काही नसतं. यावर अपील नाही. पुन्हा अर्ज करता येतो, फी पुन्हा भरून, पण परिस्थितीत काहीच बदललं नसेल तर लगेच धावण्यात अर्थ नाही. अशा वेळी घरच्यांनी "तू काय बोललीस?" असं विचारत बसू नये. पुष्कळदा बोलण्यात काहीच चुकलेलं नसतं.

आता व्हिसा मिळाल्यावरचा गैरसमज. पासपोर्टवर दहा वर्षांचा शिक्का बघून आत्याच्या भजनी मंडळात बातमी पसरली की ती दहा वर्षांसाठी चाललीय. ती मुदत फक्त दारापर्यंत येण्याची. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, सहसा सहा महिने, आणि ती तारीख आय-९४ वर, म्हणजे आगमनाच्या नोंदीच्या कागदावर, नोंदली जाते. पूर्वी हा कागद पासपोर्टला टाचलेला असायचा, २०१३पासून विमानाने येणाऱ्यांसाठी तो ऑनलाइन असतो. पाहुणे घरी पोहोचले, झोप झाली, की दुसऱ्या दिवशी तो उघडून तारीख आणि नावाचं स्पेलिंग तपासावं. त्या तारखेपुढे एक दिवसही राहिलं तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द होतो.

विमा मात्र निघण्याआधी घ्यावा. इथल्या ज्येष्ठांची मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, पाहुण्यांना लागू नाही, आणि आधीपासून असलेले आजार बहुतेक पॉलिसी धरत नाहीत. फार तर ते अचानक बळावले तर ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे देतात. ही मर्यादा सत्तरीनंतर खाली येते, तेव्हा बारीक अक्षरातला तो परिच्छेद वाचूनच हप्ता भरा. आत्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत ठेवायला सांगितल्या आहेत. लोणचं कुठल्या बॅगेत ठेवायचं यावर अजून चर्चा सुरू आहे.