आमची वाटचाल: स्टिकरवरचे 12

धंद्याला 12 वर्षं झाली म्हणून शेडमधली पोरं मागे लागली, काका आमची वाटचाल असं काहीतरी लिहा. लिहितोय. पण आधीच सांगतो, यात सत्कार, बक्षिसं काही नाहीत. परसात कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी आम्ही खुराडी बनवतो. एक शेड, मी आणि ही तीन पोरं, एवढीच कंपनी.

सुरुवात मी आणि माझ्या मावसभावाने केली. हत्यारं म्हणाल तर भाड्याचं वेल्डिंग मशीन, पत्रा कापायची कात्री, काटकोन बघायचा गुन्या आणि भावाची ती पक्कड. कात्री आजही तीच आहे, एका मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलीय, नव्या चार आणून झाल्या पण अर्धा इंची वेल्डमेश जाळी कापायची म्हटलं की हात तिच्याकडेच जातो. भाऊ डावखुरा, तार वाकवून दाराची कडी करायचा तेव्हा शेवटचा पीळ उलटा बसायचा, शंभर दारांत त्याचं दार ओळखू यायचं. आणि गुन्या लावल्याशिवाय एक कोपरा जोडणार नाही. मी म्हणायचो, कोंबडी काय कोपरा मोजणार आहे? तो म्हणायचा, उंदीर मोजतो.

आमचं चालणारं मॉडेल 6 फूट बाय 4 फूट. म्हणजे 24 चौरस फूट. आत एका कोंबडीला 4 चौरस फूट धरतात, बाहेर जाळीत फिरायला 8 ते 10, म्हणजे सरळ हिशोब, 6 कोंबड्या. भावाने स्टिकरवर 6 च छापलं होतं. तिसऱ्या वर्षी एक जण समोर उभा राहिला, नाव घेत नाही, फुकटची जाहिरात कशाला. माप तेच, पत्रा आमच्याहून पातळ आणि स्टिकरवर हे एवढं मोठं 15. गिऱ्हाईक येऊन विचारणार, त्यांच्यात 15 मावतात मग तुमच्यात 6 च कसे हो? मावतात ना, रात्री एकमेकींना चिकटून बसल्या की 15 मावतात, लिफ्टमध्येही माणसं मावतात म्हणून तिथं कुणी संसार मांडत नाही. पण हे ऐकायला थांबतो कोण.

दोन महिने ऑर्डर नाही. मग मी भावाला न विचारता नवे स्टिकर छापून आणले. 12. वर ऑफर काढली, खुराड्यासोबत 12 कोंबड्या आणि पांढरा एलईडी बल्ब फ्री. कोंबड्या मिळतील तशा उचलल्या, काही पक्क्या अंड्यावरच्या, काही तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या, ज्यांचा तुरा अजून नीट लालही झाला नव्हता. भावाने स्टिकर बघितला, काही बोलला नाही, गुन्या खिळ्याला अडकवला आणि जेवायला गेला.

40 सेट गेले. मी हवेत. तिसऱ्या आठवड्यापासून फोन सुरू झाले. शेपटीची पिसं गेली, पाठी उघड्या पडल्या, एकीचं तर मागून टोचून टोचून आतडं बाहेर काढलं, सकाळी मेलेलीच सापडली. रक्ताचा ठिपका दिसला की बाकीच्या थांबत नाहीत, हे पाळणाऱ्यांना मी काय सांगणार. व्हॉट्सअॅपवर असे फोटो यायचे की जेवताना फोन पालथा ठेवायचो. 17 खुराडी परत आली. पैसे परत केले, तोवर स्वतःचं मशीन घेतलं होतं ते विकलं, शेडचं भाडं थकलं. आणि मी सगळ्यांना सांगत सुटलेलो की कोंबड्यांची जातच भांडखोर निघाली, सप्लायरने फसवलं.

पैसे मागितले नाहीत ते फक्त एका बाईंनी. रिटायर्ड, शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. म्हणाल्या, पैसे राहू द्या, तुम्ही या आणि दोन तास माझ्यासोबत नुसते बसा.

गेलो. दोन स्टुलं मांडलेली, त्यांच्या मांडीवर चौकटीची वही. फीडरपुढे एक ठिपक्यांची कोंबडी, खात नव्हती, नुसती उभी. आणि एक लंगडी, तिने कोपऱ्यात डोकं खुपसलेलं, पाठीवर पीस नाही, लाल कातडी तेवढी दिसतेय. मधेच ती मान काढून एक पाऊल टाकायची, ठिपकी फक्त मान उंच करायची, की लंगडी परत कोपऱ्यात. दोन तासांत लंगडीच्या पोटात एक दाणा गेला नाही आणि बाईंच्या वहीत ठिपकीच्या नावापुढे 31 रेघा पडल्या.

मग बाईंनी तास घेतला माझा. म्हणाल्या, कोण कुणाला टोचणार याची उतरंड कोंबड्यांत असतेच, नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे नावाच्या माणसाने 1921 मध्ये ती मांडून ठेवलीय, आणि उतरंड एकदा लागली की उलट मारामाऱ्या कमी होतात. पण ती लागायला हरणारीला पळून जायला जागा पाहिजे. तुमच्या या पेटीत हरणारीने जायचं कुठं? रात्रभर पांढराफेक उजेड, खायचं एकाच ठिकाणी, झोपायच्या काठ्या खालीवर, म्हणजे वरच्या काठीसाठी रोज संध्याकाळी हाणामारी. आणि हे स्टिकरवर 12 कुणी लिहिलं?

मी म्हणालो, भावाने.

तेव्हा तोंडातून निघून गेलं. असो.

त्याच दिवशी ठिपकीला उचलून लांब, नजरेआड ठेवलं. लोक इथंच चुकतात, मार खाणारीला बाहेर काढतात आणि मारणारी आत राजासारखी राहते. उघडी जखम असेल तर मार खाणारीलाही वेगळं ठेवून जखम भरू द्यावी लागते, ते आम्ही केलंच, डॉक्टरने निळा स्प्रे दिला त्यामुळे लाल दिसायचंही बंद झालं. पण खरं औषध म्हणजे दांडगीला बाहेर काढणं. बल्ब काढला, दुसरा फीडर फळीच्या आड लावला म्हणजे एकाच जागी उभं राहून दोन्हीकडे पहारा देता येणार नाही, काठ्या एका उंचीवर आणल्या, 6 कोंबड्या बाईंच्या बहिणीकडे गेल्या. पाच दिवसांनी ठिपकीला परत सोडली. आली ती सरळ फीडरकडे, तर तिथं एक काळी उभी, काळीने तिच्या डोक्यावर एकच टोच मारली आणि ठिपकी मुकाट बाजूला झाली. मी बाईंकडे बघितलं, त्या रेघ मारत होत्या. नंतर, जखम भरल्यावर, लंगडीलाही आत घेतली तेव्हा ती आडोशाच्या फीडरवर मन लावून खात होती.

घरी आल्यावर मी नुसतं तोंडी सांगितलं आणि भावाने रात्रीत आमचं जाळीचं मॉडेल उभं केलं. खुराड्याच्या मधोमध अर्धा इंची जाळी, तिला सरकतं दार. नव्या कोंबड्या आधी तीन-चार आठवडे पूर्ण लांब ठेवायच्या, रोगराईसाठी, मग दोन आठवडे जाळीपलीकडे, दिसतील पण टोचता येणार नाही, आणि मग एका रात्री अंधारात दार सरकवायचं. या दाराने आम्हाला वाचवलं. त्यानंतरची सहा-सात वर्षं बरी गेली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

भाऊ मात्र राहिला नाही. बाई एकदा कौतुकाने त्याला म्हणाल्या, 12 ची चूक दुरुस्त केलीत हे बरं केलंत. त्याने माझ्याकडे बघितलं. तीन महिन्यांनी तो त्या 15 वाल्याकडे कामाला लागला. लोक म्हणतात फितूर झाला, मी पण म्हणत होतो बरीच वर्षं.

नव्याने पाळणाऱ्यांनो, जुन्या कळपात एकटी कोंबडी कधी सोडू नका, दोन-तीन तरी एकत्र सोडा. मारामारी अचानक वाढली तर आधी पंखाखाली टॉर्च मारून किडे बघा, खाद्याच्या पोत्यावर प्रोटीन वाचा, अंड्यावरच्या कोंबडीला 16 टक्के तरी पाहिजे आणि पिसं झडायच्या दिवसांत त्याहून जास्त. कोबीचा गड्डा टांगून ठेवा, चोचीला काम मिळतं. चोच कापायचा सल्ला देणाऱ्याला चहा पाजून घालवून द्या. आणि धंद्यात नातेवाईक घेतलात तर त्याच्या नावावर काही खपवू नका.

मागच्या महिन्यात एक माणूस त्या 15 वाल्याचं खुराडं टेम्पोत टाकून घेऊन आला. आता त्यांच्यातही मधे जाळी असते, पण मोठ्या भोकांची, मान आरपार जाते, म्हणजे टोचायला खिडकीच करून दिलेली. वेल्डमेश लावून द्या म्हणाला. दार काढायला गेलो तर कडीचा शेवटचा पीळ उलटा. कोपऱ्याला गुन्या लावून बघितला, केसभर फरक नाही. जाळी मालकाने स्वस्तातली घेतली असणार, ही याची निवड नाही.

जाळी बदलली, कडी तीच ठेवली. जाताना मार्करने 15 वर काट मारून 6 लिहिलं आणि पैसे घेतले नाहीत. पोरं अजून विचारतात, का घेतले नाहीत.