कूलरची गवतं आणि मातोश्री

आज नागपुरात ४४ च्या वर आणि आमच्या घरात चार दिवसांपासून कुबट वास, मी म्हणलं नाली तुंबली असंल तर आई म्हणे आधी कूलर उघडून बघ. उघडला ना बाप्पा! मागच्या वर्षीची गवतं काळी पडलेली, हात लावला की भुगा, टाकीच्या तळाशी बोटभर चिखल आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. आणि हीच हवा आम्ही रात्रभर तोंडावर घेत होतो 😖

मग काय, गवतं बदलली, टाकी घासली, दिवसभर उन्हात वाळवली. आईने आता फर्मान काढलंय, दर रविवारी पाणी पूर्ण काढायचं म्हणजे काढायचं. अजून एक चूक माझीच, लू येते म्हणून सगळ्या खिडक्या बंद ठेवायचो, पण कूलरची हवा बाहेर जायला वाट नसली की घरात दमट होतं आणि मग चिपचिप, गादीलाही वास. आता समोरची खिडकी चार बोटं उघडी आणि मिरचीच्या ठेच्याच्या दिवशी एक्झॉस्ट कम्पल्सरी (पोराला लगेच खोकला येते).

आता वाळ्याचा वास सुटलाय, बाबा कूलरसमोर घोरतायत.