सहावा पट्टा: फट सापडली!

केटल म्हणजे माझी झाकणवाली गोल कोळशाची शेगडी, तिच्यात मी फासळ्यांचा अख्खा पट्टा मंद धुरावर शिजवतो. काल पहिल्यांदाच ती साडेपाच तास 112 ते 119 अंशांच्या मध्ये राहिली. हवेची खालची झडप बोटभर उघडी, वरची अर्धी, आणि मधल्या वेळात मी दोन्हींना हात लावला नाही. पाच पट्टे हातचे गेल्यावर आलेला हा दिवस आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पाचव्या पट्ट्याला वेड्या बाभळीचा कोळसा सोडून करवंटीच्या ब्रिकेट, म्हणजे कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या, घेतल्या होत्या. बाभळीचा कोळसा जड, आच तिखट, ठिणग्या उडवणारा. तोच तापमान पळवतोय अशी माझी खात्री होती. साप, म्हणजे एका टोकाकडून हळूहळू पेटत जाणारी कोळशाची रांग, नेहमीसारखाच मांडला, कडेनं दोन खाली, एक वर. तरी दीड तासात जाळीवर 165! दोन्ही झडपा गच्च बंद केल्या, पाऊण तास काटा हलेना. रबमधला, म्हणजे मांसाला चोळायच्या कोरड्या मसाल्यातला, गूळ 115 ला वितळून चकाकतो, 165 ला जळून कडू होतो. पूर्ण पट्टा कडू झाला.

मग एकेक संशयित काढत गेलो. आधी थर्मामीटर. झाकणावरच्यावर माझा विश्वास नाहीच, जाळीवर ठेवायचा प्रोब उकळत्या पाण्यात बुडवला तर 98. जालना समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरवर, म्हणजे 98 बरोबरच. मग ऊन. मे महिन्यात गच्चीवर काळं झाकण नुसत्या उन्हानंच तापतं, म्हणून पहाटे पाचला पेटवून पाहिलं. तापमान पळालंच, फक्त अर्धा तास उशिरा.

रोलिंग मिलच्या भट्टीवर आयुष्य काढलेले शेजारचे मिस्त्रीकाका गच्चीवर आले, केटलला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "कोळशाला कशाला दोष द्यायलास? झाकण बसंना झालंय की तुझं." त्यांनीच देवघरातली उदबत्ती मागवली. केटल पेटलेली, झडपा बंद, आणि उदबत्ती झाकणाच्या कडेनं हळूहळू फिरवायची. मुठीच्या बाजूला धूर सरळ वर गेला. समोरच्या बाजूला आल्यावर धुराची रेघ वाकली आणि आत ओढली गेली. वीतभर लांबीची फट! हॅकसॉचं पातं आरामात आत जात होतं. टेपनं मोजलं तर झाकण एका बाजूनं 57 सेंटिमीटर, आडवं 56.2. सेकंडहँड घेतलेलं, कधीतरी पडलं असणार. निखाऱ्याला हवा मिळाली की तो वाढणारच. मी दोन दारं लावत होतो आणि तिसरं उघडं होतं.

ठोकून सरळ करायचा मोह आवरा, वरचा मुलामा उडतो. आधी दमच्या हंडीसारखी कणीक लावून पाहिली. तासभर छान टिकली, मग वाळून तडकली. शिवाय व्हिनेगर शिंपडायला झाकण काढलं की सगळं पुन्हा. मग काकांनी भट्टीच्या दाराला लावतात ती काचतंतूची दोरी आणून दिली, 10 मिमी. इंजिनाला मेकॅनिक लावतात त्या लाल सिलिकॉननं आतल्या कडेला चिकटवली, दोन दिवस वाळवली, आणि एकदा मांस न ठेवता नुसता जाळ करून घेतला. दोरी नवीच घ्या. जुनी कुणी फुकट दिली तरी नको, तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

आता काल. पट्टा संभाजीनगरहून थर्माकोलच्या डब्यात आणला. आधीच्या दुकानदाराला दोनदा सांगूनही त्यानं फासळ्यांचे रश्श्याचे तुकडे करून दिले होते. तिथं परत जाणार नाही. हाडाकडचा पडदा चमच्याच्या मागच्या टोकानं सैल करून, फडक्यानं धरून एका झटक्यात ओढला. रबला मीठ, काळं तिखट, गुळाची पावडर, थोडी सुंठ. धुरासाठी मोसंबीची लाकडं, वाळलेली. परगावच्यांनो, सफरचंदाच्या लाकडाचे महागडे पुडे मागवू नका. जालन्याची मोसंबी भौगोलिक मानांकनवाली आहे, बागेतल्या छाटणीच्या फांद्या सहा महिने सावलीत वाळवल्या की धूर निळसर आणि गोड येतो.

तीन तास धुरात, दीड तास फॉईलमध्ये, तासभर उघडा. चिमट्यानं एका टोकाला धरून उचलला तर पट्टा वाकला आणि मधोमध वरची साल तडकली. कापल्यावर कडेला तांदळाच्या दाण्याएवढी जाड गुलाबी रेघ. घास घेतल्यावर मांस हाडावरून जेवढं चावलं तेवढंच सुटलं, बाकीचं जागेवर. हेच पाहिजे होतं! चिंच-गुळाच्या सॉसला चमचाभर येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाल्याचं पीठ) लावला, त्यानं छान दाटपणा आला.

मागच्या वेळी तापमान बघून आपोआप हवा देणारा पंख्याचा कंट्रोलर घेणार म्हटलं होतं, तो रद्द. हवा झडपेनंच आवरली जात असेल तर मोटर कशाला? सातव्या पट्ट्याला बाभळीचा कोळसा परत आणतो, त्याच्यावर अन्याय झालाय. फॉईलबद्दलही लिहिता लिहिता वाटायला लागलंय की 115 अंशांना पळसाची पानं का चालू नयेत? ओली करून, दुहेरी गुंडाळून, दोऱ्यानं बांधून. फॉईलमध्ये साल मऊ पडते, पानातून थोडी वाफ निसटेल. तर मग दीड तासाऐवजी दोन तास ठेवावं लागेल, आणि साप चार ब्रिकेटनी लांब. नाही, बाभळीचा कोळसा असेल तर सारख्या आकाराचे तुकडे निवडावे लागतील. आज संध्याकाळी पोतं उपसून बसतो. पळसाच्या पानात मांस कुणी केलं असेल तर पानं किती वेळ भिजवली तेवढं सांगा.