आदेशात मुदत नव्हती, म्हणून पासपोर्ट एका वर्षाचा

36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये भरली आणि घरी आला तो एका वर्षाचा. अजून चीड जात नाही. कापसाच्या भावासाठी रास्ता रोकोत बसलेल्यांवर, माझ्यावरही, आमच्या विदर्भात गावोगावी केसेस आहेत: भादंवि (जुनी भारतीय दंड संहिता) 143 म्हणजे बेकायदा जमाव, 341 म्हणजे वाट अडवणं, सोबत महाराष्ट्र पोलीस कायदा 135, म्हणजे मनाई आदेश मोडणं. त्या सगळ्यांसाठी लिहितो.

फोटो, बोटांचे ठसे, कागद तपासणी यात काही अडत नाही. अडतं ते पोलीस पडताळणीत. ठाण्यातून ‘कोर्टात प्रकरण प्रलंबित’ असा प्रतिकूल अहवाल गेला की पासपोर्ट कार्यालयाची नोटीस येते, पासपोर्ट कायदा 1967, कलम 6(2)(एफ). मग ज्या कोर्टात केस आहे तिथूनच परवानगी आणावी लागते.

तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे वकिलामार्फत अर्ज करायचा. त्यावर सरकारी वकिलाचा ‘से’ (लेखी म्हणणं) मागवतात, आणि तो येईपर्यंत पेशी (कोर्टाची तारीख) पुढे पुढे जाते. माझ्या तीन पेशा त्यातच गेल्या. शेवटी आदेश झाला: ‘अर्ज मंजूर. पासपोर्ट देण्यास हरकत नाही.’ एवढंच. आम्ही खूश होऊन नक्कल काढली आणि नोटिशीच्या उत्तराला जोडली.

घोळ तिथेच झाला. 25 ऑगस्ट 1993 ची केंद्राची अधिसूचना आहे, जी.एस.आर. 570(ई). कोर्टाने मुदत लिहिली असेल तर तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट, आणि पासपोर्टची मुदतही नाही, प्रवासाचा काळही नाही, तर फक्त एक वर्षाचा. बरेच देश प्रवासाच्या वेळी सहा महिने मुदत शिल्लक मागतात, श्रीलंकाही. म्हणजे अनुराधापूरच्या बोधिवृक्षाला जायचं तर वर्षातले सहाच महिने हाती. (नेपाळमधल्या लुंबिनीला मात्र पासपोर्ट लागतच नाही, निवडणूक ओळखपत्रावर जाता येतं.)

म्हणून अर्जाच्या शेवटच्या मागणीतच लिहून घ्या: ‘10 वर्षे मुदतीचा पासपोर्ट देण्यास परवानगी द्यावी.’ ‘नियमाप्रमाणे’ एवढ्यावर भागवू नका, आकडा घाला. आदेश झाला की नक्कलेचा अर्ज टाकण्याआधी पेशकाराकडे (कोर्टाच्या कारकुनाकडे) तो वाचून पाहा. मुदत मागितलेलीच नसेल तर नवा अर्ज, नवा से, नव्या पेशा. कोर्ट बोलावेल तेव्हा हजर राहीन, असं हमीपत्रही पासपोर्ट कार्यालयाला द्यावं लागतं.

आधीच सांगायला हवं होतं: फॉर्ममध्ये केस लपवू नका. पासपोर्ट कायद्याच्या कलम 12 खाली 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण नुसता गुन्हा दाखल असेल, तपास चालू असेल, तर ते ‘प्रलंबित प्रकरण’ होत नाही, कोर्टाने दखल घेतलेली हवी. परराष्ट्र मंत्रालयाचं 10 ऑक्टोबर 2019 चं पत्रकच तसं आहे. त्याची प्रत ठाणेदारांकडे जाताना सोबत न्या.

आणि ‘आंदोलनाच्या केसेस मागे घेतल्या’ या घोषणेवर विसंबून बसू नका. सरकारी वकिलाने अर्ज देऊन कोर्टाने संमती दिल्याशिवाय (फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 321, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 360) केस संपत नाही. निकाल लागूनही ठाण्याच्या नोंदीत ती ‘चालू’ राहते कधी कधी. तेव्हा निकालाची प्रमाणित नक्कल काढून ठाण्यात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह.